उतारावर पायी

घाटमाथ्यावर पोचलं की चाचा सायकलवरून उतरायचे, पँटच्या पायांना लावलेल्या दोन्ही क्लिपा काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "हां, आता चालायचं."

तोवर आम्ही दहा ठिकाणी थांबून, पाणी पिऊन, एकमेकांना दोष देऊन कसेबसे वर आलेलो असायचो. चाचा एकदाही थांबलेले नसायचे. त्यांच्या जुन्या काळ्या सायकलीला गिअर नव्हते, वजन मात्र दोन सायकलींचं होतं. तरी ते एका लयीत, नाकानं श्वास घेत, आख्खा घाट चढून यायचे. आणि जिथं पॅडल मारायचीसुद्धा गरज नाही, नुसतं बसलं तरी सायकल पळणार, तिथं हा माणूस बाजारातून म्हैस घरी न्यावी तशी ती हाताला धरून चालत निघायचा. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणायचा. ते 'आलोच' कधी पाऊण तासाचं असायचं, कधी दीड तासाचं.

चढावर उतरून चालणारे सायकलवाले तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. मीही त्यातलाच एक. उतारावर उतरून चालणारा मात्र मला आयुष्यात एकच भेटला.

मी तेव्हा कनिष्ठ अभियंता म्हणून औरंगाबादेतल्या एका सरकारी कार्यालयात नवीन लागलो होतो. तिथं रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे निघत. चाचा तिथले आरेखक. खिडकीजवळ तिरपं टेबल, कानावर पेन्सिल, खांद्यावर पांढरा रुमाल. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात मांस जवळपास नाहीच. सगळं कार्यालय त्यांना चाचा म्हणायचं. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले आमचे साहेबसुद्धा.

त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि त्याला कारण होतं. पैठणकडच्या एका खेड्यात त्यांची शाळा उर्दूत सुरू झाली. ते दुसरीत असताना पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पुढं त्यांच्या शाळेची भाषा बदलली. "मास्तर म्हणाले, आता डावीकडून उजवीकडं लिहायचं," चाचा सांगायचे. "मला लिहिता कुठं येत होतं? मग मी चित्रं काढायला लागलो. 'क' एक चित्र, 'ख' दोन चित्रं." शेवटपर्यंत त्यांनी मराठी लिहिलं नाही, काढलं. रजेचा अर्जसुद्धा आधी पेन्सिलनं रेघा आखून मग काढायचे. त्यामुळं अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जाला अर्धा दिवस लागायचा.

आमची ओळख माझ्या सायकलीनं करून दिली. वडिलांची जुनी सायकल मी गावाकडून आणली होती. एक दिवस ती लावून आत आलो तर चाचा नकाशातून मान वर न करता म्हणाले, "इंजिनियर साहेब, तुमच्या मागच्या चाकात छर्रे कमी हायेत."

"तुम्ही पाहिली कधी माझी सायकल?"

"बघायची काय गरज? रोज ऐकतो की."

शनिवारी त्यांनी मला उस्मानपुऱ्यातल्या घरी बोलावलं. अंगणात पोतं अंथरून चाक उघडलं. एका बाजूला बेअरिंगचे नऊ छर्रे हवेत, सात निघाले. उरलेले दोन गेले कुठं याबद्दल त्यांनी माझी अशी उलटतपासणी घेतली, की ते मीच खाल्ले असावेत असं मलाही वाटू लागलं.

त्या अंगणात तीन सायकली होत्या. एक त्यांची रोजची काळी, विलायती, सेवानिवृत्त होऊन गेलेल्या कुणा अधिकाऱ्याकडून घेतलेली. एक लेडीज, मुलीची. मुलगी लग्न होऊन परभणीला गेली, सायकल इथंच राहिली. तिसरी त्यांनी स्वतः जोडलेली, तिचं प्रत्येक हाड वेगळ्या गावचं. भिंतीतल्या फळीवर पत्र्याचे डबे आणि प्रत्येक डब्यावर त्या सुरेख अक्षरात चिठ्ठी: 'छर्रे, पाव इंची'. 'पिना, सरळ केलेल्या'. 'कामाचे नट'. 'बिनकामाचे नट'.

"चाचा, बिनकामाचे कशाला ठेवलेत?"

"काम निघालं की कामाचे होत्यात."

चाची आतून ऐकत होत्या. त्याही पैठणच्याच, आणि त्यांचं मराठी चाचांपेक्षा सरस, असं त्या स्वतः सांगायच्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "रेशनचं रॉकेल निम्मं स्टोव्हला, निम्मं चेन धुवायला. या घरात आधी सायकलीची आंघोळ होती, मग माणसांची."

"सायकल बोलत नाय ना," चाचा म्हणाले. "म्हणून तिची आधी."

त्या शनिवारपासून मी त्यांचा रविवारचा सोबती झालो. आमच्यात तिसरे दिगंबरशेट. उस्मानपुऱ्यातच त्यांचं औषधाचं दुकान होतं. सगळ्या गल्लीला गोळ्या विकणाऱ्या या गृहस्थाला डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी गिअरची सायकल घेतली. गिअरची सायकल तेव्हा शहरात नवलाची होती. ती चाचांनी चारी बाजूंनी फिरून पाहिली, चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "चांगली हाय. पण माझ्या हाताला काम ठेवलं नाय हिनं." दिगंबरशेटना ही स्तुती वाटली. मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

आमचा रस्ता ठरलेला. पहाटे निघायचं, दौलताबादचा घाट चढून खुलताबादला चहा घ्यायचा, पायांत जीव उरला असेल तर म्हैसमाळ. येताना दौलताबादेत बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असत. त्यांच्याकडून चाचा हंगामाप्रमाणं सीताफळं नाहीतर जाम, म्हणजे पेरू, घ्यायचे. चाचांना या रस्त्यांचे सगळे चढ पाठ होते, कारण त्यातले निम्मे त्यांनी कागदावर आखले होते. आम्ही मान खाली घालून धापा टाकत असलो की ते शेजारून जाताना म्हणायचे, "इथं एकास अठरा हाय, अठरा फुटाला एक फूट चढ. पुढच्या वळणावर एकास पंचवीस. तिथं आराम वाटंल." त्या आकड्यांनी आम्हाला काडीचा आराम वाटायचा नाही.

तर असा माणूस उतारावर पायी का चालतो, हा दिगंबरशेटच्या डोक्याला लागलेला भुंगा होता. ते विचारत राहिले आणि चाचा दर वेळी नवं कारण देत राहिले. ब्रेकचे गुटके झिजतात. उतारावर वारा लागून कान दुखतात. एकदा म्हणाले, "तिनं मला वर आणलं, आता मी तिला खाली नेतो. बराबर हाय का नाय?" आमच्या साहेबांनी विचारलं तेव्हा गुडघ्याचा व्यायाम सांगितला.

दिगंबरशेटना वाटायचं, आपण दिसेनासे झालो की हे गुपचूप बसत असणार. म्हणून एका रविवारी म्हैसमाळच्या घाटात ते मला घेऊन वळणावरच्या झुडपात दबा धरून बसले. चाळिशीतला दुकानदार आणि सरकारी अभियंता, दोघं उकिडवे. थोड्या वेळानं चाचा आले. चालतच आले. आमच्या समोरून जाताना झुडपाकडं न बघता म्हणाले, "शेट, तिथं खाजकुयली हाय." पुढं दोन दिवस दिगंबरशेट दुकानात गिऱ्हाइकाला एका हातानं औषध देत होते आणि दुसऱ्या हातानं खाजवत होते.

मग तो थंडीतला रविवार आला.

आदल्या दिवशी, शनिवारी, चाचांनी माझा पुढचा ब्रेक दाबून पाहिला होता. "गुटके संपलेत. बसा, बदलून देतो." मला एका मित्राच्या साखरपुड्याला जायचं होतं. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी बघू, चाचा." त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा ब्रेककडं पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

रविवारी म्हैसमाळहून परत उतरताना दिगंबरशेट पुढं निघून गेले. मागून मी. चाचा माथ्यावर क्लिपा खिशात टाकत होते. दुसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला तर नुसता लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, वेग कमी झाला नाही. वळणावर खडी सांडलेली होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी कडेच्या दगडांत पडलो होतो, सायकलचं पुढचं चाक पापडासारखं मुडपलं होतं, आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरून चाचांच्या बुटांचा आणि हातात धरलेल्या सायकलच्या फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज ऐकू आला. इतका वेळ आम्ही ज्याची चेष्टा केली ते चालणं आता माझ्याकडंच येत होतं, आणि ते लवकर पोचावं म्हणून मी मनात देव आठवत होतो.

चाचांनी मला पाहिलं. सायकल झाडाला टेकवली, माझा पाय पाहिला. मग हत्यारांची पिशवी काढून माझ्या सायकलीचं चेनकव्हर सोडवलं, त्यावर स्वतःचा स्वेटर गुंडाळला आणि ते पायाखाली घालून खांद्यावरच्या रुमालानं पाय बांधला. बांधताना मी ओरडलो. ते म्हणाले, "ओरडा. ओरडायला पैसे नाय लागत."

त्या रस्त्याला तेव्हा गाड्या कमी. एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मोबाइल अजून यायचे होते. चाचा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आधी वरच्या बाजूला पाहिलं, मग खालच्या. कुणीही येत नव्हतं. माझे दात वाजायला लागले होते.

चाचांनी खिशातून क्लिपा काढल्या. पहिली पायाला लावताना ती दोनदा खाली पडली. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. नकाशावर केसाएवढी रेघ न हलता ओढणाऱ्या त्या हातांत क्लिप ठरत नव्हती.

"चाचा, चालतच जा. मला काही होत नाही."

"गप बसा. जागे ऱ्हावा. आभाळाकडं बघा, रस्त्याकडं बघू नका."

मी अर्थातच रस्त्याकडं पाहिलं. ते सायकलवर बसले. दोन्ही ब्रेक घट्ट धरलेले, एक बूट रस्त्यावर घासत, पाठ ताठ, बोहल्यावर बसलेल्या नवरदेवासारखी. पहिल्या वळणाला ते दिसेनासे झाले. मग घंटी ऐकू यायला लागली. रिकाम्या घाटात, समोर माणूस ना जनावर, तरी चाचा एकसारखी घंटी वाजवत चालले होते. प्रत्येक वळणावर ती जरा दूर जायची, पुन्हा जवळ आल्यासारखी वाटायची, पुन्हा दूर. ती ऐकू येईनाशी झाली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तासाभराच्या आत ते कोबी भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून परत आले. दिगंबरशेट सोबत होते. ते खुलताबादला टपरीवर चहा घेत आमची वाट बघत बसले होते, आणि समोरून चाचा सायकलवर बसलेले येताना दिसले. "माझ्या हातातला कप सुटला," ते नंतर सगळ्यांना सांगायचे. "मला वाटलं, यांना भूत लागलं."

जीपमध्ये कोबीच्या पोत्यांवर चाचांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. शहर येईपर्यंत ते एकच गोष्ट बोलत होते. "मी शनिवारी बघितलं होतं. तुम्ही नको म्हणालात आणि मी सोडलं. सोडायला नको होतं."

मी तीन महिने प्लॅस्टरमध्ये घरी होतो. आई गावाकडून येऊन राहिली होती. दर शनिवारी चाचा-चाची यायचे. चाची शेवयांचा डबा आणायच्या आणि आईशी बोलत बसायच्या, चाचा बाहेर ओट्यावर माझ्या सायकलचं चाक सरळ करत बसायचे. एका शनिवारी बाहेर त्यांची ठोकठोक चालू होती, तेव्हा मी चाचींना त्यांच्या उतारावर चालण्याचं कारण विचारलं. चाची हसल्या आणि पदर सावरून आधी दाराकडं पाहिलं.

"लग्नाला वर्ष झालं होतं. खुलताबादला दर्ग्यात जाऊन येत होतो. मी मागं कॅरिअरवर, मांडीवर डबा. दौलताबादच्या उतारावर ब्रेकचा दांडा निसटला. हे ओरडले, उडी मार. मी नवी नवरी, नवऱ्याचं ऐकायचं वय. मारली उडी. आणि गेले सरळ निवडुंगात."

आईनं तोंडाला हात लावला.

"हे खाली खडीच्या ढिगात जाऊन थांबले. मला अंगभर काटे, आणि यांना एक ओरखडा नाय. अब्बांना राग आला तो याचाच. तीन दिवस मावशी चिमट्यानं काटे काढत होती. मग अब्बा मला पैठणला घेऊन गेले. चार महिने पाठवलं नाय. हे घ्यायला आले तेव्हा अब्बांनी वचन घेतलं, की माझ्या मुलीला घेऊन उतारावर सायकल चालवणार नाय. यांनी त्यातली मुलगी सोडली आणि उतार धरून ठेवला."

"म्हणजे वचनामुळं चालायचे?"

"वचन खरंच दिलं होतं. पण अब्बांनी वारायच्या आधी स्वतः सांगितलं, जावईबापू, बस करा आता, लोक हसतात. यांनी ऐकलं नाय." चाचींनी आवाज खाली आणला. "भीती हाय ती. वचनाच्या आड बसलेली. पुरुषमाणूस, बोलायचा कसा?"

बाहेर ठोकठोक थांबली, पुन्हा सुरू झाली.

"तुम्ही पडलात त्या दिवशी घरी आले, जेवले नाय. बसून राहिले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, तुझ्या अब्बांना दिलेला शब्द मोडला आज. मी म्हटलं, अब्बांशी मी बोलते. तुम्ही जेवा."

पुढच्या थंडीत मी पुन्हा सायकलवर बसलो. घाबरत घाबरत म्हैसमाळला गेलो. माथ्यावर चहा झाला. दिगंबरशेट आणि मी चाचांकडं चोरून बघत होतो. चाचांनी क्लिपा काढल्या, खिशात टाकल्या. "हां, आता चालायचं."

दिगंबरशेट या खेपेला आपली गिअरची सायकल हाताला धरून चाचांच्या एका बाजूनं चालू लागले, मी दुसऱ्या बाजूनं. तीन धडधाकट माणसं तीन सायकली ढकलत घाट उतरताना पाहून वर येणाऱ्या एसटीच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. आम्ही त्या वळणापाशी आलो. चाचांनी कडेचा एक दगड बुटानं बाजूला सारला. मग पुढच्या वळणाकडं बोट दाखवून म्हणाले, "तिथं मी डोळे मिटले होते."

"चालत्या सायकलवर?" मी विचारलं.

"मग काय. उघडे ठेवून बघवत नव्हतं."

दिगंबरशेट हसता हसता खाली बसले. चाचाही हसले. त्यानंतर कधी कुणी त्यांना कारण विचारलं नाही.

पुढं चाचा सेवानिवृत्त झाले, माझी नांदेडला बदली झाली. वर्षातून दोन-तीनदा पत्र यायचं. चार ओळींचं, रेघा आखून काढलेलं, प्रकृती कमी आणि सायकलींची खुशाली जास्त. मग एकदा दिगंबरशेटचा फोन आला. चाचा पहाटे फजरची नमाज पढून पुन्हा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत माती झाली होती.

नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, ती इद्दत. ती संपल्यावर दिगंबरशेट आणि मी उस्मानपुऱ्यात गेलो. परभणीची मुलगी आली होती. चाची बारीक झाल्या होत्या. त्यांनी माझा पाय विचारला, आईला विचारलं, शेवया खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

निघताना अंगणात आलो. विलायती सायकल भिंतीला उभी होती. कुणीतरी ती पुसत असावं, धूळ नव्हती. पण दोन्ही टायर बसून जमिनीला चिकटले होते.

चाची दारात उभ्या होत्या. "तेवढी हवा भरता का, बेटा?" त्या म्हणाल्या. "अशी बसलेली बघवत नाय."

पंप कोपऱ्यात होता. मी आधी पुढच्या चाकात हवा भरली, मग मागच्या. घाम येईपर्यंत भरली. ट्यूब जुनी होती, फुटेल म्हणून थांबलो आणि म्हटलं, "झाली, चाची."

चाची पायरी उतरून आल्या. वाकल्या, अंगठ्यानं मागचा टायर दाबून पाहिला, मान हलवली.

"अजून थोडी," त्या म्हणाल्या. मी पुन्हा पंप हातात घेतला.